कोकणच्या पावसात वाळवंटी सरडा

वाचकाचे पत्र:

“माझ्या मुलीने पुण्यात नोकरी करीत असताना एक बिअर्डेड ड्रॅगन, म्हणजे ऑस्ट्रेलियातला वाळवंटी सरडा, पाळला होता. एप्रिलमध्ये ती शिक्षणासाठी जर्मनीला गेली आणि ही दोन वर्षांची मादी, नाव खारीक, आमच्याकडे रत्नागिरीला आली. मे महिना छान गेला. पाऊस सुरू झाल्यापासून मात्र पेटीतला आर्द्रतेचा काटा ऐंशीच्या खाली येत नाही. ओली हवा आत येऊ नये म्हणून मी जाळीच्या झाकणावर प्लास्टिक चिकटवले, आत तांदळाच्या पुरचुंड्या आणि सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्या, आणि उकडू नये म्हणून दुपारी बल्ब बंद ठेवू लागलो. मुलीने सांगितल्याप्रमाणे रोज कोमट पाण्याने आंघोळही घालतो. गेले दहा दिवस ती नीट खात नाही, पोटावर तपकिरी ठिपके दिसत आहेत, आणि कधी कधी तोंड उघडून बसते. डीह्युमिडिफायर घ्यावा की एसी लावावा? की तिला पुण्याला परत पाठवावे? शेजारचे गृहस्थ म्हणतात की हिच्यापेक्षा स्टार कासव ठेवा, ते आपल्या हवेत टिकते. काय करावे? — एक निवृत्त शिक्षक, रत्नागिरी”

आदरणीय सर,

आपल्या पत्रातील “कधी कधी तोंड उघडून बसते” या वाक्यापाशी मी थांबलो. बाकीच्या प्रश्नांना आठवडाभर उशीर झाला तरी निभावेल, या एका गोष्टीला झालेला उशीर निभावणार नाही, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

दिव्याखाली शेकत असताना अंग पुरेसे तापले की बिअर्डेड ड्रॅगन तोंड उघडून बसतो. त्याला घाम येत नाही; जास्तीची उष्णता बाहेर टाकण्याचा हा त्याचा रोजचा मार्ग आहे. डोळे टवटवीत असतील, अंग सैल असेल आणि दिव्यापासून दूर गेल्यावर तोंड आपोआप मिटत असेल, तर त्यात काळजीचे काही नाही. परंतु आपण दुपारी दिवाच बंद ठेवता. दिवा बंद असताना, पेटीच्या थंड बाजूला बसून, मान वर ताणून ती तोंड उघडत असेल, नाकपुडीशी बुडबुडा किंवा तोंडात तारेसारखी लांबणारी चिकट लाळ दिसत असेल, तर तो फुफ्फुसाचा संसर्ग समजावा. उद्या पहाटे दिवा लावण्यापूर्वी घरातले पंखे बंद करून दहा मिनिटे पेटीजवळ शांत बसा आणि कान द्या. श्वासाबरोबर बारीक टकटक किंवा शिट्टीसारखा आवाज येत असेल, तर त्याच दिवशी पशुवैद्यकाशी संपर्क साधा. सरड्यांना आपल्यासारखे श्वासपटल नसते, त्यामुळे त्यांना जोरात खोकून कफ बाहेर टाकता येत नाही. आत साठलेले आतच राहते, आणि वरून प्राणी बराचसा ठीक दिसत असतानाच आजार पुढे गेलेला असतो.

घरात उरलेली प्रतिजैविकाची गोळी कुटून देण्याचा मोह कृपा करून टाळा. औषधाची मात्रा तिच्या वजनाच्या ग्रॅमवर ठरते आणि ते औषध काम करते की नाही हे तिच्या अंगाच्या उबेवर. थंड पडलेल्या सरड्याची स्वतःची प्रतिकारशक्तीही थंडच पडलेली असते. म्हणून दवाखान्यात जाण्याआधी घरी जे करायचे आहे ते एकच आहे: दिवा लावा, आणि तो सकाळपासून संध्याकाळपर्यंत बारा तास लावलेलाच ठेवा.

येथे आपल्याला प्रश्न पडेल की पेटीत आधीच एवढा दमटपणा असताना त्यात आणखी उष्णता कशाला. सगळा घोळ याच ठिकाणी होतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आपल्या स्वयंपाकघरातील मिठाच्या बरणीला जून-जुलैत पाणी सुटत असेल. हवेतील सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतले पाणी ओढून पाझरू लागते. त्याखाली असेल तर कोरडे राहते. म्हणजे कोकणातल्या प्रत्येक घरात एक आर्द्रतामापक आधीपासून आहेच. याच गुणाचा उपयोग करून आपला मीटर तपासता येतो. बाटलीच्या एका बुचात चमचाभर मीठ घ्या, त्यात थेंब थेंब पाणी घालून ते ओल्या वाळूसारखे होऊ द्या, पण वर पाणी तरंगू देऊ नका. ते बूच आणि मीटर एकाच झिपच्या पिशवीत घालून पिशवी घट्ट बंद करा आणि रात्रभर ठेवा. सकाळी पिशवी न उघडता काटा पाहा. तो ७५ च्या आसपास असला पाहिजे. ६५ दाखवीत असेल तर आपला मीटर दहाने कमी सांगतो, ८५ दाखवीत असेल तर दहाने जास्त. पेटीबरोबर फुकट मिळणारे गोल काट्याचे मीटर या परीक्षेत हटकून नापास होतात. वायरच्या टोकाला संवेदक असलेला डिजिटल मीटर घ्यावा, शक्यतो दोन घ्यावेत, आणि एकाचा संवेदक शेकण्याच्या जागेजवळ व दुसऱ्याचा थंड बाजूला तळालगत ठेवावा.

आता त्या “सापेक्ष” शब्दाकडे येऊ. गरम हवा अधिक बाष्प सामावून घेऊ शकते, म्हणून हवेतले पाणी तेवढेच राहून हवा तापली की टक्केवारी खाली येते. रत्नागिरीच्या जुलैतली २८ अंश सेल्सिअस आणि ८५ टक्के आर्द्रतेची हवा घ्या. तिच्यातला पाण्याचा एक थेंबही न काढता ती ३२ अंशांपर्यंत तापवली की आर्द्रता ६८ वर येते, ३५ अंशांना ती ५७ होते आणि ४० अंशांना ४४. बिअर्डेड ड्रॅगनला शेकायला ३८ ते ४२ अंशांची जागा लागते. याचा अर्थ असा की पेटी उघडी असेल आणि दिवा नीट चालू असेल, तर ज्या दगडावर बसून ती दिवसाचा बराच वेळ घालवते त्या दगडावरची हवा, बाहेर मुसळधार पडत असतानाही, तिच्या मूळ प्रदेशातील हवेच्या आसपास येते. आपण दिवा बंद केला, तेव्हा पेटीतला पाणी सुकवणारा एकमेव घटक काढून घेतला गेला. मे महिना छान गेला त्याचे कारणही हेच. मे महिन्यात रत्नागिरीची हवा कोरडी नसतेच, पण ती गरम असते, खिडक्या उघड्या असतात आणि वारा वाहत असतो.

हा प्राणी ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागातला आहे. तेथील ॲलिस स्प्रिंग्ज या गावी वर्षभरात सुमारे २८० मिलीमीटर पाऊस पडतो. आपल्याकडे कधी कधी तेवढा दोन दिवसांत पडतो. परंतु वाळवंट म्हणजे चोवीस तास शून्य ओलावा, ही समजूतही खरी नाही. वाळवंटात रात्री तापमान उतरते तशी आर्द्रता चढते, पहाटे दव पडते, बिळाच्या आतली हवा बाहेरच्यापेक्षा दमट असते. खारीकसारखा प्राणी काही तास दमट हवा सहन करू शकतो. दमट हवा, थंड अंग, कोंडलेली पेटी आणि पोटाखाली ओला तळ या चारही गोष्टी एकत्र आल्या की मात्र तो आजारी पडतो, आणि आपल्याकडे सध्या या चारही एकत्र आल्या आहेत. रागावू नका, माझ्या उमेदवारीच्या पहिल्या पावसाळ्यात मी स्वतः एका पाळणाऱ्याला पेटीवर प्लास्टिक लावण्याचा सल्ला दिला होता. पंधरा दिवसांनी त्या पेटीच्या काचेवर आतून पाण्याचे ओघळ होते आणि लाकडी फांदीवर पांढरी बुरशी चढली होती. तो प्राणी वाचला, पण त्याचे श्रेय माझ्या सल्ल्याला जात नाही.

म्हणून प्लास्टिक आजच काढा. आत असलेले पाण्याचे भांडे, ओल्या भाज्या, विष्ठा आणि प्राण्याचा श्वास यांतून पेटीत सतत बाष्प सुटत असते. त्याला बाहेर जायला वाट नसेल तर पेटीतली हवा खोलीतल्या हवेपेक्षाही ओली होते. झाकण पूर्ण जाळीचे हवे आणि शक्य असल्यास एका बाजूला तळालगतही जाळीचा झरोका हवा, म्हणजे खालून हवा आत येते, दिव्याने तापते आणि वरून निघून जाते. चुलीच्या धुराड्याचे तत्त्व तेच. तेवढ्याने भागले नाही तर संगणकात असतो तसा लहान बारा व्होल्टचा पंखा झाकणावर उलटा, हवा बाहेर फेकेल असा, मंद गतीने लावता येतो. त्याचा झोत प्राण्याच्या अंगावर येता कामा नये. तांदळाच्या पुरचुंड्या काढून टाका, त्यांना बुरशी येईल. सिलिका जेलची पाच ग्रॅमची पुडी फार तर दीड-दोन ग्रॅम पाणी धरते आणि मग तशीच पडून राहते; ती फाटून दाणे तिच्या तोंडात जाण्याचा धोका मात्र शिल्लक राहतो. कपाटात ठेवण्यासाठी मिळणारे कॅल्शियम क्लोराइडचे डबे तर पेटीत अजिबात ठेवू नयेत. त्यात साठणारे पाणी तीव्र खारट आणि दाहक असते.

पेटीचा प्रश्न मुळात खोलीचा प्रश्न आहे. पत्रात आपण लिहिले नाही, पण मी अंदाज करतो की पावसाळ्यात ज्या खोलीत पंखा सर्वांत जोरात फिरतो त्याच खोलीत कपडे वाळत घातले जातात आणि खारीकची पेटीही तिथेच आहे. धुतलेल्या कपड्यांचा एक घाणा वाळतो तेव्हा दीड-दोन लिटर पाणी त्या खोलीच्या हवेत जाते. वलणी दुसऱ्या खोलीत हलवणे हा फुकटातला सर्वांत मोठा उपाय आहे. पेटी ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीपासून हातभर दूर आणि जमिनीपासून टेबलाच्या उंचीवर असावी.

आता आपला मूळ प्रश्न. डीह्युमिडिफायर आणि एसी यांतला मी डीह्युमिडिफायर निवडेन, कारण तो हवा कोरडी करताना खोली थोडी गरमच करतो. मात्र तो कॉम्प्रेसर असलेला, खोलीच्या आकाराला पुरेसा, दिवसाला दहा-बारा लिटर पाणी काढणारा असावा. ऑनलाइन स्वस्तात मिळणारे हातभर उंचीचे “मिनी” यंत्र दिवसभरात पेलाभर पाणी काढते. कोकणच्या पावसाळ्यात तो दर्यामे खसखस असा प्रकार होतो. दारे-खिडक्या बंद ठेवून खोली ५५ ते ६० टक्क्यांवर आणली की पुरे, त्याखाली नेण्याचा अट्टाहास करू नये. घरात एसी आधीच असेल तर वेगळा खर्च करण्याची गरज नाही. तो २६ अंशांवर किंवा ड्राय मोडवर ठेवावा, झोत पेटीवर येणार नाही हे पाहावे आणि दिवा मात्र बारा तास चालूच ठेवावा. एसीची हवा सुरू आणि दिवा बंद, ही स्थिती सर्वांत वाईट, कारण त्यात प्राणी थंड पडतो आणि एसी बंद केल्याक्षणी बाहेरची ओली हवा त्या थंड पेटीत शिरून काचेवर दव धरते.

रात्रीचे गणित थोडे वेगळे आहे. दिवा विझतो, तापमान २६ पर्यंत उतरते आणि आर्द्रता नव्वदीला टेकते. निरोगी प्राण्याला रात्रीचा गारवा हवाच असतो. खारीक बरी होईपर्यंत मात्र तिला तो देऊ नका. प्रकाश न देणारा सिरॅमिक हीटर थर्मोस्टॅटला जोडून पेटी रात्री २९ अंशांवर धरली, तर नव्वदची आर्द्रता पंचाहत्तरच्या आसपास येते आणि अंगातली ऊबही टिकते. हा हीटर प्लास्टिकच्या होल्डरमध्ये लावू नये, चिनी मातीचाच होल्डर घ्यावा, आणि भोवती तारेची जाळी असावी; सरडे उबेच्या ओढीने त्याला बिलगतात आणि भाजून घेतात. गरम दगड म्हणून विकली जाणारी विजेची वस्तू त्याच कारणाने नको.

पोटावरचे ठिपके मला फोटो पाहिल्याशिवाय नक्की सांगता येणार नाहीत, परंतु वाळू आणि नारळाच्या भुशाचा तळ असेल तर त्याचा संशय सर्वांत आधी घ्यावा. नारळाचा भुसा पाणी धरून ठेवण्यासाठीच प्रसिद्ध आहे. रोपवाटिकेत तो त्यासाठीच वापरतात. असा तळ वरून कोरडा दिसला तरी मूठभर उचलून दाबून पाहा, हाताला गारवा लागेल. त्यावर चोवीस तास पोट टेकून राहिल्याने खवल्यांच्या कडा तपकिरी होतात, मग खवले मऊ पडून सुटतात. तो सगळा तळ टाकून द्या, पेटी धुऊन पूर्ण कोरडी करा आणि खाली साधी खरबरीत शहाबादी फरशी किंवा तिचे तुकडे बसवा. फरशी दिव्याखाली तापते, पुसता येते, ओल धरत नाही आणि तिच्यावर नखेही झिजतात. ठिपके जाईपर्यंत फरशीवर रोज बदलता येईल असा कोरा कागद अंथरावा. पोव्हिडोन आयोडीन फिक्या चहाच्या रंगाइतके पातळ करून दिवसातून एकदा कापसाने हलके पुसावे आणि लगेच कोरडे करावे.

ठिपके पिवळट होऊन त्यांवर खपली धरत असेल, कड पसरत असेल किंवा ते डोक्यावर आणि पायांवरही दिसू लागले, तर मात्र घरगुती उपाय थांबवा. नॅनिझिऑप्सिस नावाची एक बुरशी या जातीला होते, पाळणारे तिला पिवळी बुरशी म्हणतात. ती कातडीखाली खोलवर जाते, दुसऱ्या सरड्याला लागते आणि तिचे निदान कातडीचा तुकडा तपासूनच होते. औषधाच्या दुकानात खाज-गजकर्णावर म्हणून मिळणारी मलमे लावू नका, त्यांतल्या अनेकांत स्टेरॉइड असते आणि स्टेरॉइडने बुरशी आणखी माजते.

आंघोळ थांबवा. सरडा कातडीतून पाणी पितो ही समजूत सर्वत्र पसरली आहे, पण ती खरी नाही. आंघोळीत तो पाणी प्यालाच तर तोंडाने पितो. पुण्याच्या कोरड्या मार्च-एप्रिलमध्ये, कात अडकलेली असताना, मुलीने घातलेली आंघोळ समजण्यासारखी होती. जुलैच्या रत्नागिरीत ओले अंग तासन्‌तास सुकत नाही, बगलेत आणि शेपटीच्या मुळाशी पाणी राहते. त्याऐवजी सकाळी दिवा लागल्यावर अर्ध्या तासाने ड्रॉपरने नाकाच्या टोकावर एकेक थेंब पाणी सोडा, ती चाटून घेईल. दमटपणाच्या भीतीने पाणी तोडू मात्र नका. लहान उथळ वाटी थंड बाजूला दिवसा ठेवावी आणि रात्री काढून घ्यावी.

ती खात नाही यामागे आजार असेल, परजीवी असतील, किंवा नुसता अंधारही असेल. पावसाळ्यात दिवसेंदिवस सूर्य दिसत नाही, त्यात दिवा बंद, अशा वेळी हे प्राणी थंडीच्या सुस्तीसारखे मंद होतात. अन्न पचवायलाही त्यांना पोटात ऊब लागते. थंड पोटात किडे पडून राहतात आणि कुजतात. म्हणून दोन दिवस पेटी नीट तापलेली राहीपर्यंत जबरदस्तीने काही भरवू नका. ताजी विष्ठा स्वच्छ डबीत घेऊन जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला द्या. जंत आणि कॉक्सिडिया नावाचे आतड्यातले सूक्ष्म परजीवी ओळखण्यासाठी सरड्यांचा खास डॉक्टरच लागतो असे नाही. स्वयंपाकघरात असतो तसा, पण वेगळा, डिजिटल काटा घेऊन दर रविवारी सकाळी तिचे वजन ग्रॅममध्ये लिहून ठेवा. पूर्ण वाढलेला ड्रॅगन साधारण साडेतीनशे ते पाचशे ग्रॅमचा असतो. मुलीकडे जुने आकडे असतील तर मागवून घ्या. दहा टक्क्यांहून अधिक घट झाली असेल तर वाट पाहू नका.

दिव्याबरोबर यूव्हीबीची, म्हणजे उन्हात असतात तशा अतिनील किरणांची, नळी आहे का, हे आपण लिहिलेले नाही. उष्णतेचा बल्ब आणि यूव्हीबी या दोन निराळ्या गोष्टी आहेत. यूव्हीबीशिवाय तिच्या अंगात ड जीवनसत्त्व तयार होत नाही, कॅल्शियम शोषले जात नाही आणि हाडे मऊ पडतात. दहा-बारा टक्के यूव्हीबीची लांब, टी-फाइव्ह म्हणून मिळणारी बारीक नळी हवी, तिचा उजेड दिसत असला तरी यूव्हीबी उतरते म्हणून ती वर्षाने बदलायला हवी. खिडकीच्या काचेतून आलेले ऊन यासाठी उपयोगाचे नाही, काच यूव्हीबी अडवते. श्रावणात ऊन-पावसाचा खेळ सुरू झाला की पंधरा-वीस मिनिटे गच्चीत जाळीच्या पिंजऱ्यात, अर्धी सावली ठेवून, जवळ बसून ऊन द्यावे. काचेची पेटी उन्हात कधीही ठेवू नये, ती काही मिनिटांत भट्टी होते.

खाण्यात पालक आणि माठ कमी करा, त्यांतले ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून ठेवते. शेवग्याचा पाला, लसूणघास, लाल भोपळ्याचा कीस, जास्वंदीची पाने-फुले हे सगळे आपल्या परसात किंवा बाजारात मिळते. धुतल्यावर पंचाने टिपून कोरडे करून द्यावे आणि उरलेले दुपारी काढून टाकावे. मीलवर्मच्या, म्हणजे तिला खायला द्यायच्या अळ्यांच्या, डब्यातला कोंडा पावसाळ्यात बुरशी आणि बारीक कोळ्यांनी भरतो. तो कढईत कोरडा भाजून, गार करून, घट्ट डब्यात ठेवावा आणि लागेल तेवढाच काढावा. मुंग्यांसाठी टेबलाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवण्याची आजीची युक्ती येथेही चालते.

एक गोष्ट कोकणातल्या माणसाला आवर्जून सांगायला हवी. पावसाच्या तोंडाशी झाडे काजव्यांनी लखलखतात आणि एखादा काजवा दिव्याच्या ओढीने घरात येतो. तो खारीकच्या पेटीत जाऊ देऊ नका. अमेरिकेत एकेक काजवा खाऊन बिअर्डेड ड्रॅगन तासा-दोन तासांत मेल्याच्या नोंदी आहेत. तेथील काजव्यांच्या अंगात हृदयावर काम करणारे विष असते. आपल्याकडच्या काजव्यांवर हा प्रयोग करून पाहण्याचे कारण नाही. जाळीचे झाकण याही कामी येते, फक्त भोके बारीक असावीत.

वीज गेली तर घाबरू नका. रात्रभर २४-२५ अंशांत राहिल्याने निरोगी ड्रॅगनला काही होत नाही. ज्या दिवशी वादळाचा इशारा असेल त्या दिवशी खाणे सकाळीच आणि थोडे द्या, म्हणजे पोट भरलेले असताना दिवा जाण्याची वेळ येणार नाही. घरात इन्व्हर्टर असेल तर यूव्हीबीपेक्षा उष्णतेच्या दिव्याला प्राधान्य द्यावे.

पुण्याला परत पाठवण्याबद्दल: पावसाळ्यात पुण्याची हवाही कोरडी नसते, फरक असतो तो पावसाच्या प्रमाणाचा आणि वाऱ्याचा. आजारी प्राण्याला आंबा घाटातून आठ-नऊ तास नेणे हा तिच्यासाठी दुसरा आजारच ठरेल. वर सांगितलेली श्वासाची लक्षणे असतील तर मात्र प्रवास टाळता येणार नाही, कारण असे प्राणी पाहणारे पशुवैद्यक मुख्यतः पुण्या-मुंबईतच आहेत. आधी फोनवर बोलून, चित्रफीत पाठवून वेळ घ्या. झरोके असलेल्या लहान खोक्यात पंचा अंथरून, बाजूला कापडात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली ठेवून न्यावे आणि गाडीतला एसी तिच्या दिशेने नसावा. प्रवासाच्या आदल्या दिवशी खायला देऊ नये.

घरात पाच वर्षांखालील नातवंडे येत असतील तर त्यांना तिला हाताळू देऊ नका, आणि आपणही प्रत्येक वेळी साबणाने हात धुवा. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या विष्ठेत साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जिवाणू असू शकतो. तिची भांडी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुऊ नयेत.

शेजाऱ्यांच्या सूचनेला नम्रपणे नकार द्यावा. स्टार कासव हा आपल्या देशातला वन्यप्राणी आहे, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे आणि तो घरात बाळगणे हा गुन्हा आहे. २०१९ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही सर्वांत कडक बंदी आहे. शिवाय तेही कोरड्या काटेरी माळरानाचे रहिवासी आहे. आपल्या अंगणातल्या चिखलात त्याची गत खारीकसारखीच होईल. खारीकच्या बाबतीतही मुलीकडून खरेदीची पावती आणि कागदपत्रे मागवून ठेवा. त्या कायद्यात २०२२ साली झालेली दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे आणि तिच्या चौथ्या अनुसूचीत असलेले परदेशी प्राणी केंद्राच्या परिवेश पोर्टलवर नोंदवावे लागतात. आपल्या प्राण्याची जात त्या यादीत येते का, हे रत्नागिरीच्या वन कार्यालयात कागद दाखवून विचारून घ्या.

प्लास्टिक काढल्यापासून आणि दिवा पूर्ण वेळ लावल्यापासून तीन दिवसांनी दोन्ही मीटरांचे सकाळचे, दुपारचे आणि रात्रीचे आकडे, पोटाचा एक स्वच्छ उजेडातला फोटो आणि तिचे वजन मला कळवा. पहाटेच्या त्या दहा मिनिटांत काय ऐकू आले, तेही लिहा. टकटक ऐकू आली असेल तर मात्र माझ्या उत्तराची वाट न पाहता निघा.